रायगडावरचा वाडा कुठे गेला?

रायगडाच्या बालेकिल्ल्यात पालखी दरवाजाने शिरा की मेणा दरवाजाने, आत पाहायला मिळतात ती जोती. ओळीने मांडलेली राणीवशाची दालने, त्यांच्यापुढे दासदासींच्या घरांचे अवशेष आणि राजवाड्याचा म्हणून दाखवला जाणारा ८६ फूट लांब व ३३ फूट रुंद चौथरा. पायऱ्या आहेत, उंबरे आहेत, सांडपाण्याच्या मोऱ्या आहेत. भिंती मात्र कुठे घोट्याएवढ्या, कुठे कमरेएवढ्या, आणि त्यांच्यावर थेट आभाळ. सहलीला आलेल्या मुलांपैकी एखादे हमखास विचारते, "पण वाडा कुठे आहे?"

प्रश्न रास्त आहे. त्याच गडावर महादरवाजाचे बुरूज ७५ आणि ६५ फूट उंचीने उभे आहेत, नगारखान्याची कमान उभी आहे, जगदीश्वराचे देऊळ जागेवर आहे. पुण्याच्या शनिवारवाड्यातही हाच प्रकार. बाहेरचा तट आणि दिल्ली दरवाजा भक्कम, आत शिरले की हिरवळ आणि जोती. पहारेकऱ्याची भिंत टिकली आणि राजाचे घर गेले, असे दोन्हीकडे का व्हावे? आग लागली, लढाई झाली, हे खरेच. पण आगीत एक गेले आणि दुसरे राहिले ते का, हे समजायला आधी गड आणि वाडा कसे बांधले जात हे पाहावे लागते.

भाकरींची चवड

सह्याद्रीतला डोंगर म्हणजे भाकरींची चवड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा बाहेर आला, पसरला, थिजला. मग त्याच्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. यांतला एखादा थर कठीण, एखादा ठिसूळ. पाऊस-वारा ठिसूळ थर लवकर झिजवतो, तिथे उतार तयार होतो. कठीण थर झिजत नाही, कडेने तुटतो. तिथे सरळसोट कडा उभा राहतो. वरचा थर कठीण असेल तर डोंगराला सपाट माथा आणि चोहोबाजूंनी कडे मिळतात.

रायगड, म्हणजे पूर्वीचा रायरीचा डोंगर, हा याचा उत्तम नमुना आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८२० मीटर उंच, माथा ऐसपैस, आजूबाजूच्या डोंगररांगेपासून सुटा. १६५६ मध्ये जावळी घेतल्यावर हा डोंगर शिवाजी महाराजांच्या ताब्यात आला. राजगडावरची राजधानी पुढे इथे हलली आणि ६ जून १६७४ रोजी राज्याभिषेक झाला तो याच माथ्यावर. बांधकामाची धुरा होती हिरोजी इंदुलकरांकडे. जगदीश्वराच्या देवळापाशी त्यांच्या नावाचा शिलालेख आहे.

अशा डोंगरावर तट सगळीकडे बांधावा लागत नाही. कडा आहे तिथे कडाच तट. माणसाने बांधायचे ते फक्त जिथे चढता येईल अशा खिंडी, घळी आणि सोंडांवर. हिरकणीची गोष्ट प्रत्येक मराठी घरात माहीत आहे. संध्याकाळी दरवाजे बंद झाले म्हणून दूधवाली गवळण तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेली, आणि ती जिथून उतरली तिथे बुरूज बांधला गेला. गोष्टीतला इतिहास किती, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी तिच्यात गडबांधणीचा नियम अचूक आला आहे: एक माणूस उतरू शकतो तिथून दुसरा चढू शकतो, म्हणून तिथे बुरूज हवा.

दार दिसू न देणारे दार

कड्यांनी वेढलेल्या गडाची कमजोर जागा एकच, दार. खुद्द राजालाही येण्याजाण्यासाठी ते ठेवावेच लागते. म्हणून सगळी हुशारी तिथे ओतलेली असते. महादरवाजा खालून येणाऱ्याला शेवटपर्यंत नीट दिसत नाही. दोन बुरुजांच्या मधे वाट वळत जाते, आणि वळण संपते तेव्हा येणारा दोन्ही बुरुजांवरच्या माऱ्यात सापडलेला असतो. बुरुजांत आणि तटात तिरप्या भोकांच्या जंग्या आहेत. आतल्या माणसाला खालचे दिसते, खालच्याला आतला माणूस दिसत नाही.

वळणाचा आणखी एक फायदा आहे. त्या काळी दार फोडण्याचे मोठे साधन म्हणजे हत्ती किंवा लाकडाचा ओंडका. दोघांनाही धावत यायला सरळ जागा लागते. बोळ अरुंद आणि वाट वाकडी असेल तर धडकेत जोर येत नाही. दार लागले की आतून आडवा अडसर सरकतो. त्याची दोन्ही टोके भिंतीतल्या खोबणीत जातात, त्यामुळे धक्का फळ्यांवर न थांबता भिंतीत मुरतो.

आत सैन्य चढवणे इतके अवघड, तर हत्ती कसे चढवले? राज्याभिषेकाच्या वेळी इंग्रजांचा वकील म्हणून हेन्री ऑक्झिंडन गडावर आला होता, त्यालाही हाच प्रश्न पडला. दरबाराच्या दाराशी दोन लहान हत्ती आणि घोडे पाहून, इतक्या बिकट वाटेने ही जनावरे वर कशी आली, याचे त्याने आश्चर्य नोंदवले आहे. पिल्ले असतानाच ती वर आणली असावीत, असे लोक सांगतात. लहान हत्ती म्हटल्यावर हे पटण्याजोगे आहे.

एका खड्ड्यात दोन कामे

गडावर माणसे राहायची तर पाणी हवे, आणि बांधायचे तर दगड हवा. या दोन गरजा एकमेकींत गुंफणे ही मराठा गडबांधणीतली सर्वांत सुंदर युक्ती. माथ्यावर जिथे पाणी साठवायचे तिथेच दगडाची खाण उघडायची. निघालेला दगड तटाला आणि जोत्याला जातो, उरलेला खड्डा म्हणजे तळे किंवा टाके. खालून दगड चढवण्याचे कष्ट वाचतात आणि पाण्याची सोय आपोआप होते. काळा दगड अखंड असेल तर पाणी झिरपूनही जात नाही. रायगडावरचे गंगासागर, हत्ती तलाव, कुशावर्त यांच्या काठाने फिरताना डोळ्यांसमोर हा हिशोब आणावा: जितका खड्डा दिसतो आहे, तितका दगड कुठे तरी उभा केलेला असणार.

रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त दुर्गांवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि त्यात पाण्याबद्दल बारीक सूचना आहेत. पाणी पाहूनच किल्ला बांधावा, नसेल तर खडक फोडून टाकी करावीत. नुसत्या झऱ्यावर विसंबू नये, कारण तोफांच्या दणक्याने झरे आटू शकतात. गडावरचा केरकचरा खाली न टाकता जागोजागी जाळावा आणि ती राख परसात घालून भाजीपाला पिकवावा, इथपर्यंत हे पुस्तक जाते. राजनीतीच्या ग्रंथात भाजीच्या वाफ्याला जागा देणारा लेखक गडावर प्रत्यक्ष राहिलेला असणार, हे वेगळे सांगावे लागत नाही.

खाली दगड, वर लाकूड

आता वाड्याकडे. दगड गडावरच मिळत होता, पाथरवट होते, चुना होता. मग वाडा शेंड्यापर्यंत दगडी का केला नाही?

पहिले कारण दगडाच्या स्वभावात आहे. काळा दगड वरून येणारे वजन कितीही पेलतो, पण वाकणे त्याला सोसत नाही. दोन खांबांवर आडवी ठेवलेली दगडी तुळई लांब झाली की मधोमध तडकते. यादवकाळातल्या दगडी देवळांच्या सभामंडपात खांबांची दाटी असते ती यामुळेच. लाकूड वाकते, ताण सोसते आणि वजनाला हलके. सागाच्या तुळईने रुंद दालन झाकता येते. दरबार भरवायचा, पंगती बसवायच्या, तर मोकळी जागा लाकूडच देऊ शकते. दगडात तेवढी जागा झाकायची तर कमान किंवा घुमट हवा. तो खर्चिक, वेळखाऊ आणि जाड भिंती मागणारा.

दुसरे कारण वेळेचे आणि हवामानाचे. राजधानी उभी करायला राजाला पिढी थांबता येत नाही. आणि कोकणच्या माथ्यावर चार महिने धुके आणि पाऊस असताना दगडी खोलीपेक्षा लाकडी माडी राहायला कितीतरी सुखाची.

म्हणून वाडा दोन भागांत विभागला गेला. खाली घडीव दगडाचे जोते, वर लाकडाचा सांगाडा. जोत्याचे काम लाकडाला जमिनीच्या ओलीपासून आणि वाळवीपासून दूर ठेवण्याचे. खांब थेट जमिनीत कधीच रोवत नाहीत. प्रत्येक खांबाखाली दगडाचा तळखडा असतो. खांबावर हस्त (तुळईला आधार देणारे लाकूड), हस्तावर तुळई, तुळईवर कडीपाट, म्हणजे कड्या आणि त्यांवर फळ्या, आणि त्यावर मातीचा थर किंवा वरची माडी. दोन खांबांमधल्या जागेला खण म्हणतात. घर किती मोठे, हे जुनी माणसे चौरस फुटांत सांगत नसत. इतक्या खणांचे घर, असे सांगत.

या सांगाड्यात भिंत काय करते? फारसे काही नाही. आजच्या आरसीसी इमारतीशी तुलना केली की लगेच कळते. तिथे वजन कॉलम आणि बीम घेतात, विटांची भिंत मधली जागा भरते. ती पाडून खोल्या बदलल्या तरी इमारत उभी राहते. वाड्यातही वजन खांब-तुळयांवर, आणि मधे विटांचा किंवा मातीचा भराव. 'आज्ञापत्रा'तही गडावर राजमंदिर सोडून दुसरे मोठे घर बांधू नये असे सांगितले आहे, आणि राजमंदिराच्या भिंतींसाठी विटा-चुन्याचे काम सुचवले आहे. दगडाची उधळण तिथे अपेक्षितच नव्हती.

तट आणि वाडा यांच्यातला फरक इथे आहे. तट म्हणजे सलग दगडाचा ढीग, स्वतःच्या वजनाने जागेवर बसलेला. त्यात जळण्यासारखे काही नाही. वाडा म्हणजे लाकडाचा पिंजरा. त्यातले लाकूड काढले की बाकीच्याला उभे राहायला आधारच नाही.

| चौकट : जोत्यावरचे शब्द |
|---|
| जोते – इमारतीचा जमिनीपासून उचललेला दगडी पाया. वाडा गेला तरी मागे राहतो तो भाग. |
| तळखडा – लाकडी खांबाखालचा घडीव दगड. |
| खण – दोन खांबांमधले अंतर. घर मोजण्याचे जुने माप. |
| कडीपाट – कड्यांवर फळ्या ठोकून केलेले छत. |
| जंग्या – मारा करण्यासाठी तटात ठेवलेली तिरपी भोके. |
| सदर – जिथे बसून कारभार चाले ती बैठकीची जागा. |

जोते वाचायचे कसे

एकदा ही रचना लक्षात आली की ओसाड जोते बोलू लागते. गवतात दडलेला एखादा तळखडा पाहा. चौरस दगड, वरचा पृष्ठभाग घासून सपाट केलेला, आणि मधोमध वीतभराहून लहान खोबण. खांबाच्या बुडाशी कोरलेले कुसू या खोबणीत बसत असे, म्हणजे खांब सरकत नसे. पावसाळ्यात त्या खोबणीत पाणी साचते आणि त्यात आभाळ दिसते. पुढचा तळखडा किती पावलांवर आहे ते मोजले की खण कळतो. खण मोजत गेले की दालन कळते. तळखडे मोठे आणि एकमेकांपासून दूर असतील तर वर जाड तुळया आणि बहुधा माडी. लहान आणि जवळजवळ असतील तर पडवी.

उंबऱ्याच्या दगडावर दाराचा खुंटा फिरण्यासाठी केलेला गोल खळगा दिसतो. त्यावरून दार कोणत्या बाजूने आत उघडत होते ते समजते. कोपऱ्यातून बाहेर जाणारी दगडी पन्हळ दिसली की तिथे न्हाणीघर. राणीवशातल्या दालनांना स्वतंत्र शौचकूप आहेत. सतराव्या शतकातल्या डोंगरमाथ्यावरच्या घरात ही सोय होती, हे सिंहासनाइतकेच अभिमानाने सांगण्यासारखे आहे, पण ते बहुधा घाईघाईने दाखवले जाते.

राजसभेत हीच वाचनाची रीत मोठ्या मापावर लागू होते. २२० फूट लांब, १२४ फूट रुंद जागा, एका टोकाला सिंहासनाचा चौथरा पूर्वेकडे तोंड करून, समोरच्या टोकाला नगारखान्याचे प्रवेशद्वार. सिंहासनाच्या जागी आज दिसते ती मेघडंबरी अलीकडची. बाजारपेठेचे जोतेही असेच बोलके: समोरासमोर दोन रांगा, प्रत्येकीत २२ दुकाने, मधे सुमारे ४० फुटांचा रस्ता. दुकानांची जोती रस्त्यापासून चांगली उंच आहेत. घोड्यावर बसूनच खरेदी करता यावी म्हणून ती उंच केली, असे वाटाडे सांगतात. माल चार महिने ओलीपासून वाचवायचा होता, हे कारण जास्त साधे आहे आणि बहुधा पुरेसेही.

समोरचा डोंगर

'आज्ञापत्रा'त आणखी एक इशारा आहे. गडाजवळ त्याला लागू पडेल असा दुसरा डोंगर असू नये. असेल तर सुरुंग लावून तो उतरवावा, नाहीतर तोही तट घालून आपल्यात घ्यावा. रायगड बांधला तेव्हा तोफांचा पल्ला बेताचा होता, त्यामुळे शेजारच्या डोंगरांची फार काळजी नव्हती. १६८९ मध्ये गड मोगलांकडे गेला आणि पुढे शाहू महाराजांच्या काळात परत मिळाला. पण सव्वाशे वर्षांत तोफ बदलली.

मे १८१८ मध्ये कर्नल प्रॉथरच्या इंग्रज फौजेने गडाला वेढा दिला. दुसऱ्या बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई तेव्हा गडावर होती. शेजारच्या डोंगरावर उखळी तोफा चढवण्यात आल्या. साधी तोफ सरळ मारा करते. तिचा गोळा तटावर आपटतो, आणि रायगडाच्या कड्यांपुढे अशा माऱ्याचा काही उपयोग नव्हता. उखळी तोफेचे तोंड आखूड आणि आभाळाकडे. तिचा गोळा उंच चढून तटापलीकडे पडतो आणि पोटातल्या दारूने फुटतो. कडे, महादरवाजा, वळणाची वाट, जंग्या, यांतले काहीही त्याच्या आड येत नाही. तो छपरावरच येतो. कोरड्या मे महिन्यात, शतकभर वाळलेल्या लाकडाला दुसरे काही लागत नव्हते. गडावर मोठी आग लागली, वाडे जळाले आणि १० मे रोजी गड इंग्रजांच्या हाती गेला.

खांब जळाले तशा तुळया खाली आल्या. तुळयांनी धरलेल्या भिंती सुट्या झाल्या आणि कलल्या. महिन्याभरात कोकणचा पाऊस आला. छप्पर नसलेल्या भिंतींत पाणी मुरले, माती वाहून गेली, विटा ढासळल्या. ओसाड गडावर उरलेसुरले लाकूडसामान कोणी नेले असेल तर नवल नाही. आगीने निम्मे काम केले आणि उरलेले पावसाने, वर्षानुवर्षे.

भिंतीच दगडाच्या असत्या तर काय झाले असते, याचे उत्तर दूरच्या एका उदाहरणात मिळते. इंग्लंडच्या राणीच्या विंडसर कॅसलला नोव्हेंबर १९९२ मध्ये आग लागली. सेंट जॉर्जेस हॉलचे छत पार गेले, पण दगडी भिंती वरपर्यंत तशाच उभ्या राहिल्या. त्यांच्यावर नवे ओकचे छत बसवले गेले आणि १९९७ मध्ये दालने पुन्हा उघडली. रायगडावर छत बसवायला भिंतच शिल्लक नव्हती.

सपाटीवरचा गड

शनिवारवाड्याला कडा नव्हता. १७३० मध्ये पहिल्या बाजीरावाने मुठेच्या काठी पायाभरणी केली आणि जानेवारी १७३२ मध्ये वास्तुशांत झाली. डोंगर जे आयते देतो ते सारे सपाट जमिनीवर बांधून काढावे लागते, म्हणून इथे चारही बाजूंनी तट, नऊ बुरूज आणि पाच दरवाजे. उत्तरेच्या दिल्ली दरवाजाच्या फळ्यांवर हत्तीच्या कपाळाच्या उंचीवर लांब पोलादी खिळे आहेत; हत्तीने डोके लावावे तर ते त्यालाच रुतावेत. मोठे दार एरवी बंद, येणेजाणे लहान दिंडीतून, वाकून आणि एकेकाने. आत शिरले की वाट लगेच वळते. महादरवाजातले वळण इथे विटा-दगडांत पुन्हा बांधले आहे.

पाण्याची रीत मात्र उलटी. गडाने पाऊस साठवला, पुण्याने पाणी लांबून आणले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून उताराने येणारा नळ बांधला गेला. मधे उंच उच्छ्वास ठेवले, म्हणजे नळात अडकलेली हवा बाहेर पडावी आणि पाण्याचा दाब आटोक्यात राहावा. पाणी इतके निवांत मिळाल्यावर ते पिण्यापुरते उरत नाही. शनिवारवाड्यात कारंजी आली.

वाड्याचे खालचे काम दगडाचे आणि वरचे विटा-लाकडाचे आहे, याबद्दल एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. दगडी वाडा बांधण्याचा मान फक्त छत्रपतींचा, अशी साताऱ्याहून तक्रार झाली आणि पेशव्यांना वरचे मजले विटांचे करावे लागले. गोष्ट रंगतदार आहे, पण तिची गरज वाटत नाही. खुद्द छत्रपतींचा रायगडावरचा वाडाही दगडी जोत्यावर असाच उभा होता. देशावरचा कोणताही सुतार-गवंडी वाडा याच रीतीने बांधत असे.

शेवटही तसाच झाला. पेशवाई बुडाल्यावर दहा वर्षांनी, १८२८ मध्ये, वाड्याला आग लागली आणि ती कित्येक दिवस धुमसत राहिली. मजले गेले, तट राहिला. आज आत दिसणारी जोती आणि कारंज्यांची कुंडे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला खोदकाम करून उघडी करण्यात आली.

जोत्यावरचा लाकडी भाग कसा असे, हे मात्र शनिवारवाड्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर पाहायला मिळते. दुसऱ्या बाजीरावाने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेला विश्रामबाग वाडा बराचसा वाचला, कारण तो रिकामा पडला नाही. १८२१ मध्ये तिथे संस्कृत पाठशाळा भरू लागली, नंतर कचेऱ्या आल्या. माणसे राबत असलेल्या घराची पावसाआधी शाकारणी होते, गळके कौल बदलले जाते, आणि लाकूड कोरडे राहते. त्याच्या दर्शनी सज्जाखाली उभे राहून वर पाहिले की कोरलेले सुरूच्या घाटाचे खांब दिसतात, वर केळफुलाचे लोंबते नक्षीकाम आणि त्याच्याही वर कड्या आणि फळ्या. खांबाच्या बुडाशी वाकून पाहिले तर दगडी तळखडा आहे, रायगडावरच्यासारखाच. फक्त त्याच्या खोबणीत अजून कुसू बसलेले आहे, म्हणून ती दिसत नाही.